पाटलाच्या दारातली शहाबादी फरशी

माझ्या शाळेच्या गावात पावसाळ्यात सायकलवर बसता येईल अशी एकच जागा होती आणि नेमकं तिथंच मला सायकलवरून उतरावं लागायचं. पाटलाच्या ओट्यापुढून खाली चावडीपर्यंत शहाबादी फरशी टाकलेली होती, रुंद, गुळगुळीत, चावडीकडे उतरती. बाकी सगळं गाव आणि गावाकडे येणारा सगळा रस्ता काळ्या मातीचा होता.

मी मंठाळचा. निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो आणि घरून सायकलवर जाऊन-येऊन करत होतो. ज्या गावात शाळा होती त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथून अजून मला लग्नाची बोलावणी येतात. पाटलाचं नावही लिहीत नाही, पण त्याचं कारण निराळं आहे. माझ्या हातानं त्याचं नाव कागदावर यावं एवढी त्याची लायकी नव्हती. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. माझा राग अजून धडधाकट आहे.

आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं, सायकलवाल्याचा त्रास म्हणजे भिजणं. भिजलेला माणूस वाळतो. खरा त्रास काळ्या मातीचा. एक सर येऊन गेली की ती चाकाला धरते, चाकावरून मडगार्डात शिरते आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मी उतरून बाभळीच्या काटकीनं चिखल काढायचो. चार पावलं गेलो की पुन्हा तेच. पुढचं मडगार्ड पहिल्याच पावसाळ्यात काढून टाकलं, तर चिखल तोंडावर उडू लागला. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची आणि चालायचं. रानातले लोक विचारायचे, "मास्तर, कोण कुणावर बसून जायलंय?" मीही हसायचो, दुसरं काय करणार.

छत्री वाऱ्यानं उलटी व्हायची म्हणून मी डोक्यावर घोंगडीची खोळ घ्यायचो. आमचं घराणं मूळचं मेंढरामागं फिरणारं, शेती मागाहून आली, त्यामुळे घरात घोंगड्यांना तोटा नव्हता. घोंगडी भिजली की जड होते आणि तिला मेंढराचा वास सुटतो. फाल्गुनात गारा पडल्या तर झाडाखाली सायकल आडवी टाकून तिच्याशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसायचो. पौषात धुई एवढी पडायची की पुढून येणारी गाडी बैलांच्या घुंगरांवरून ओळखायची. वैशाखातला वारा जातानाही समोरून यायचा आणि येतानाही समोरूनच, ते कसं हे मला आजवर कळलेलं नाही. पण गारा, धुई, वारा, कुणावरच माझा राग नाही. त्यांनी मला मुद्दाम काही केलं नाही.

पाटील मुद्दाम करायचा. त्याच्या दारापुढून कुणी बसून जायचं नाही, अशी त्या गावची रीत होती. गाडीवाला गाडीखाली उतरून कासरा धरून चालायचा, घोडीवाला घोडीवरून उतरायचा. माझा बाप त्या गावावरून मेंढरं न्यायचा तेव्हा पायातलं पायताण काढून काखेत धरायचा. शाळा भरायची ती पाटलाच्याच जुन्या कोठारात, चावडीला लागून. शाळा तपासायला मोहतमिम साहेब यायचे ते पाटलाकडेच जेवायचे आणि मास्तर वेळेवर येतो का हेही त्यालाच विचारायचे. त्यामुळे मीही उतरायचो. मैलोगणती चिखलातून सायकल खांद्यावर वाहून आणायची आणि जिथं ती चालेल तिथं तिला हातात धरून चालवायची, हे मी रोज करत होतो.

एका आषाढात मला अंगात ताप होता. सकाळपासून पाऊस ओतत होता. ओढ्यात चाकं धुऊन मी फरशीच्या वरच्या टोकाला आलो आणि पाहिलं तर ओटा रिकामा. पावसानं सगळे आत गेले असणार. मी सायकलवर बसलो आणि फरशीवरून निघालो. निम्म्यात गेलो असेन, तेवढ्यात दारातून पाटलाचा आवाज आला.

"ए मास्तर! कामून बसून जायलास?"

ब्रेक आधीपासूनच धरून होतो, मी उतरलो. म्हणालो, "पाऊस लई हाय, पाटील. वटा रिकामा दिसला."

"वटा रिकामा हाय म्हून दार बी रिकामं झालं व्हय? मागं जा. वरच्या टोकाला जा आन् पायताण हातात घिऊन चालत ये."

आत त्याचे कोहिनूर गावचे पाव्हणे तक्क्याला टेकून बसले होते. त्यातल्या एकानं नाकाला उपरणं लावलं. पाटील त्याला म्हणाला, "मेंढरामागं हिंडणाऱ्याचं पोरगं हाय. बुडाखाली चाकं आली म्हून वास थोडाच जायलाय?" सगळे हसले.

मी मागं गेलो. एका हातात चपला, एका हातात सायकल धरून फरशीवरून खाली आलो. शाळेच्या दारात माझी पोरं उभी होती, त्यांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं. मी वर्गात शिरलो तसं त्यांनी न सांगताच पाढे म्हणायला सुरुवात केली, माना खाली घालून. ती हसली असती तरी चाललं असतं. त्यांनी माझी कीव केली, आणि ती कीव माझ्या अंगात तापापेक्षा जास्त दिवस राहिली.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की या माणसाला याच फरशीवर, सगळ्या गावादेखत, खाली बघायला लावायचं आणि मग हिच्यावरून बसून जायचं. कसं, ते ठाऊक नव्हतं. पण येताजाता डोक्यात दुसरा विषयच उरला नाही. चाकातला चिखल काढताना काटकी घुसवायचो तेव्हा ती पाटलाच्या बरगडीत घुसवल्यासारखं वाटायचं आणि तेवढंच बरं वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात पाटील आपल्या पायांनी शाळेत आला. तालुक्याला नवे तहसीलदार आले होते. ते स्वतः सायकल चालवायचे आणि सायकल चालवणाऱ्या माणसाशी दोन शब्द जास्त बोलायचे, अशी बातमी होती. पाटलानं आपल्या गुलबर्ग्याच्या मेहुण्याकडून नवी कोरी सायकल आणवली होती. इकडंतिकडं पाहून तो मला म्हणाला, "मास्तर, तुमाला येतंय न्हवं, मला बी शिकवा. पर गावात बोलू नगा. तहसीलदार सायेबापुढंच एकदम बसून येतो." इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच 'तुमी' म्हटलं.

आम्ही त्याच्या मळ्यातल्या खळ्यावर शिकायला लागलो. सुगी उरकलेली, खळं सारवून टणक झालेलं. पाटील दगडावर पाय देऊन सायकलवर चढायचा, मी मागून सीट धरायचो आणि तो मळणीच्या बैलासारखा मधल्या मेढीभोवती गोल गोल फिरायचा. अंगानं तो जड होता, पण घोडीवर बसायची सवय असल्यानं तोल त्याला लवकर साधला. थोड्याच दिवसांत मी सीट सोडून दिली तरी तो चालवू लागला. थांबायचं झालं की तो ब्रेक दाबायचा आणि ओरडायचा, "मास्तर, धर!" मी धावत जाऊन सायकल धरायचो आणि तो घोडीवरून उतरावा तसा सावकाश खाली उतरायचा.

एका संध्याकाळी त्याला असं उतरवून घेताना माझ्या लक्षात आलं की या माणसाला सायकल चालवता येते, पण सायकलवरून उतरता येत नाही. जन्मभर कुणी ना कुणी त्याची घोडी धरत आलं होतं. उतरणं ही शिकायची गोष्ट आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसरीही एक गोष्ट मी सांगितली नाही. कोरड्यात ब्रेक लगेच धरतो. पावसात रिम ओली असते, तेव्हा ब्रेक कितीही आवळला तरी सायकल पुढंच जाते. हे मला पावसानं शिकवलं होतं, ते मी पाटलाला फुकट का द्यावं? त्या दिवशी घरी जाताना वारा समोरून होता आणि मी मोठमोठ्यानं अभंग म्हणत गेलो.

मग पाऊस लागला. खळ्याचा चिखल झाला आणि पाटलाची सायकल घरात कापडाखाली गेली. मी सकाळी उठलो की आधी आभाळ पाहायचो. एरवी मला उघडीप हवी असायची. त्या वर्षी तहसीलदारांच्या दौऱ्याच्या दिवशी पाऊस पडावा म्हणून मी देवाला नारळ बोललो होतो.

श्रावणात दौरा आला. देवानं माझं ऐकलं. पावसाची भुरभुर पहाटेपासून चालू होती, फरशी चकचकत होती. तहसीलदार चावडीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, मी शाळेच्या पोरांची रांग घेऊन बाजूला उभा राहिलो. आदल्या दिवशी पाटलानं मला बजावलं होतं, "तुमी चावडीपाशी हुबं ऱ्हावा. जमंल न्हवं मला?" मी म्हणालो, "झकास जमंल, पाटील."

तो निघाला. शेरवानी, पिवळा फेटा, पायात नवे बूट. आपल्या ओट्याच्या पायरीवरून तो सायकलवर बसला आणि उताराला लागला. सुरुवात खरोखर छान झाली. गावानं तोंडात बोटं घातली. निम्म्या फरशीवर त्यानं ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. त्यानं दोन्ही हातांनी आवळला, तरी थांबली नाही. मग त्याची नजर मला शोधत आली आणि सगळ्या गावादेखत तो ओरडला, "मास्तर, धर! धर की!"

माझे दोन्ही हात साहेबांसाठी छातीशी जोडलेले होते. ते मी तसेच ठेवले.

पाटील तहसीलदारांच्या पुढून बसल्या बसल्या निघून गेला. सलामासाठी एक हात उचलायला गेला, तोल गेला, परत हँडल धरलं. फरशी संपली तिथं जनावरांच्या हौदाचा चिखल होता. सायकल त्यात शिरली, क्षणभर उभीच राहिली आणि मग पाटलासकट हळूहळू आडवी झाली. फेटा हौदात पडला. माझ्या मागं रांगेतलं एक पोर हसलं, मग दुसरं, आणि मी एकालाही गप्प केलं नाही.

तहसीलदार रागावतील अशी मला फार आशा होती. पण माणूस सज्जन निघाला. त्यांनी शिपाई धाडला आणि विचारलं, "चोट तो नहीं आई, पटेल साहब? ब्रेक नहीं लगाया?"

"लगाया हुजूर," पाटील लंगडत येत म्हणाला, "लगताच नै."

साहेबांनी गावात आणखी कुणाकडे सायकल आहे का विचारलं. लोकांनी मला पुढं केलं. ते म्हणाले, "आप तो रोज़ आते होंगे, मास्टर साहब. बारिश में कैसे रोकते हैं?"

मी शाळेतल्या उर्दूत सांगितलं, की उतार लागायच्या आधीपासून ब्रेक हलका हलका दाबत राहावा, म्हणजे रिम कोरडी होते. आणि थांबायच्या आधीच एक पाय मागून काढून घ्यावा, म्हणजे कुणी धरावं लागत नाही. हे मी साहेबांना सांगत होतो, पण पाटलाला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. कळायलाच हवं होतं, नाहीतर माझ्या इतक्या दिवसांच्या खटपटीला काय अर्थ होता? मी त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी त्यानंच खाली पाहिलं.

मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्याला तक्रार करायलाही जागा नव्हती. मोहतमिम साहेबांना काय सांगणार, मास्तरानं मला धरलं नाही म्हणून?

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. मी ओढ्यात चाकं धुतली, सायकल फरशीच्या वरच्या टोकाला टेकवली आणि तिच्यावर बसलो. पाटील ओट्यावर होता. हळद-तेल लावून बांधलेला पाय पाटावर ठेवून बसला होता. जवळ दोन-चार गावकरी होते. मी ब्रेक हलका धरून सावकाश येत होतो. मला घाई नव्हती.

"मास्तर," तो म्हणाला, "उतरा."

"मला उतराय येत न्हाई, पाटील," मी म्हणालो. "कुणीतर धराय लागतंय."

ओट्यावर कुणीतरी हसू दाबायला खोकलं. मी तसाच बसून पाटलाच्या दारापुढून खाली गेलो आणि चावडीशेजारी, शाळेच्या दारात, त्याला नीट दिसेल अशा जागी पाय मागून काढून अलगद उतरलो.