खंडेनवमीची एक नोंद

ती घटना आठवली की मला आधी चोर आठवत नाही, आठवतो तो जीपचा ब्रेक. कसा ते सांगते.

मी तेव्हा भोपाळच्या एका ठाण्याची टीआय होते. टीआय म्हणजे ठाण्याची प्रमुख. वडील इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. मी पोलिसात शिपाई म्हणून भरती झाले. कायदा, टायपिंग, नंतर कॉम्प्युटर, जे काही आलं ते कुणाकुणाला विचारत, चुकत शिकले. म्हणून शिकणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून माया.

नवरात्राच्या थोडं आधी शाहपुऱ्याच्या तलावाजवळ उभ्या जीपमधून एक लॅपटॉप गेला. साधा नव्हे. खेड्यापाड्यांत विहिरींच्या पाण्याची मोजणी करणाऱ्या एका खाजगी सर्व्हे कंपनीचा होता तो. धूळ, पाणी, आपटणं सगळं सोसणारा, जाडजूड, वरून मूठ असलेला. आमचे हेडसाहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, फोटो बघून म्हणाले, "मॅडम, ये तो टिफिन का डिब्बा है."

तक्रार घेऊन कंपनीचे स्टोअरकीपर आले. मराठी गृहस्थ, बोलायला गोड. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि लगेच मराठीत सुरू झाले. "ताई, आपल्या माणसांपासून काय लपवायचं? ड्रायव्हरचं काही खरं नाही." जीपचं कुलूप फुटलेलं नव्हतं. किल्ली ड्रायव्हरकडे. दुसरी किल्ली कधीच हरवली आहे, असं स्टोअरकीपरांनी लिहून दिलं. संशय कुणावर, हे वेगळं विचारायची गरजच उरली नाही.

ड्रायव्हरला बोलावलं. चाळिशीचा, सरळ अंगाचा माणूस. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात त्याची पक्की नोकरी ठरली होती, फक्त पोलीस पडताळणी बाकी होती, आणि तो कागद नेमका माझ्याच टेबलावर येऊन पडला होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली. त्याला ते माहीत होतं, मलाही होतं.

चौकशीत माणूस काय सांगतो त्यापेक्षा त्याला काळजी कशाची आहे ते बघावं, असं मी नव्या पोरांना नेहमी सांगायचे. दोषी माणूस पुरावा काय आहे ते चाचपतो. हा मात्र चहा घ्यायला गेलो होतो, कुलूप लावलं होतं, एवढंच सांगत होता. उठताना म्हणाला, "मॅडम, जीप अब कोई और चलाएगा। उसको बता देना, ब्रेक दो बार दबाना पड़ता है। इंजीनियर मैडम साथ बैठती हैं।"

तो गेल्यावर मी हेडसाहेबांना म्हटलं, हा चोर नाही. पण ब्रेकच्या काळजीवर काही कोर्ट माणसाला सोडत नाही. वरून फोन यायला लागले, अटक का होत नाही म्हणून. मी तपास चालू आहे म्हणत दिवस ढकलत होते.

दसरा झाल्यावर आमच्या खबऱ्यानं सांगितलं की न्यू मार्केटकडच्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात मूठवाला लॅपटॉप आला आहे. गेलो, पंचनामा केला, लॅपटॉप ताब्यात घेतला. दुकान तळघरात, उजेड कमी. दुकानदार म्हणाला, एक माणूस आला होता, मास्क लावलेला, चेहरा नीट बघितला नाही. म्हणजे ड्रायव्हर सुटला नाही तो नाहीच.

लॅपटॉप ओळखायला कंपनीनं त्या जीपमधून फिरणाऱ्या इंजीनियर मुलीला पाठवलं. पंचविशीची असेल. लॅपटॉप बघितल्याबरोबर तिनं झाकणावरून हात फिरवला, आईनं पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. सही केली, गेली. आणि दुसऱ्या दिवशी एकटीच परत आली.

"मॅडम, एक सांगायचंय. पण सांगितलं तर माझी नोकरी जाईल."

मी दार लोटून घेतलं, पाणी दिलं. मग ती बोलायला लागली. विहिरीच्या प्रत्येक मोजणीबरोबर जागेची नोंद लागते. लॅपटॉपमध्ये जीपीएस नव्हतं, कंपनी घेऊन देत नव्हती. हिनं भंगारात गेलेल्या ट्रकांच्या ट्रॅकरचे जुने सर्किट बोर्ड गोळा केले. त्यातला जीपीएसचा तुकडा गरम हवेनं सोडवला आणि लॅपटॉपच्या पोटात एक कप्पा रिकामा होता, तिथे तारा जोडून बसवला. नखाएवढा चौकोनी अँटेना झाकणाच्या आत चिकटवला. कंपनीच्या वस्तू उघडायला सक्त मनाई, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

"किती बोर्ड जाळलेस?" मी विचारलं.

"विचारू नका," ती म्हणाली. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

तिनं असं करून ठेवलं होतं की लॅपटॉप सुरू झाला की पासवर्डच्याही आधी ते जीपीएस जागं व्हायचं आणि जागा, वेळ लिहून ठेवायचं. पण त्याला उघडं आकाश लागतं, आणि आकाशाखाली थोडा वेळ निवांत बसावंही लागतं. घरात किंवा तळघरात काही मिळत नाही. चोरानं चुकून जरी उघड्यावर सुरू केला असेल, तर आत नोंद असणार.

सायबरच्या मुलाला आणि पंचांना बसवून लॅपटॉप उघडला. चोरीनंतरची एकच नोंद निघाली. कोटरा सुल्तानाबादमधली एक गल्ली. नेमकं घर कळेना, चारपाच घरं इकडे किंवा तिकडे. सायबरचा मुलगा म्हणाला, घरच्या घरी केलेल्या जोडकामावर समोरचा वकील आम्हाला कोर्टात उभं राहू देणार नाही. खरंच होतं ते.

मी तारीख बघत बसले होते. सकाळची वेळ, आणि तारीख दसऱ्याची नव्हे, त्याच्या आदल्या दिवसाची. आमच्या ठाण्यात शस्त्रपूजन दसऱ्याला. आजूबाजूचे दुकानदार, ट्रकवालेही आपल्या गाड्या दसऱ्यालाच पुजतात. आदल्या दिवशी, नवमीला, हत्यारं-अवजारं मांडते ती माझी आई, ती मराठी घरांतली खंडेनवमी. मी लॅपटॉप जवळ ओढला. बाजूच्या छिद्रावरचं रबरी झाकण नखानं उचललं, तर आतल्या खाचेत हळदीचा पिवळा कण आणि झेंडूची वाळकी पाकळी. तीही पंचनाम्यात घेतली.

मुलीला विचारलं, या गल्लीत तुमच्या कंपनीतलं कुणी मराठी राहतं का? तिचा चेहरा उतरला. "स्टोअरवाले काका," ती म्हणाली.

स्त्रीला ठाण्यावर बोलवायचं नाही, जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा आमचा नियम. महिला शिपायाला घेऊन, गणवेशातच गेले. स्टोअरकीपर कामावर होते. घरी त्यांची बायको शिलाई मशिनवर ब्लाउज शिवत बसली होती. एका चोरीच्या तपासासाठी आले आहे, एवढं आधीच सांगितलं. मराठी ऐकून तिनं मशीन थांबवलं आणि चहा करायला उठली, तिला बसवलं. समोर अंगण, तुळस, वर मोकळं आकाश.

मी विचारलं, खंडेनवमीला काय काय मांडलं होतं पूजेला? ती आनंदानं सांगायला लागली. इथे अंगणातच पाट मांडला होता, हे शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर, विळी, ह्यांचे पाने-पकडी. "आणि ह्यांच्या ऑफिसचा तो जाडा लॅपटॉप. कपाटात दडवून ठेवला होता. म्हटलं, घरात यंत्र आहे आणि त्याला हळदकुंकू नाही? नवमीला यंत्र बंद कसं ठेवायचं, म्हणून बटण दाबलं. पडदा उजळला, मग सगळ्या आरत्या म्हटल्या. हे आंघोळीहून आले ते ओरडलेच माझ्यावर."

महिला शिपायाचं पेन कागदावर थांबलं. मी तिला थांबच म्हणून खुणावलं. मग बाईंना सगळं खरं सांगितलं. तो लॅपटॉप चोरीचा आहे. हे मला लिहून घ्यावं लागेल, आणि याचा त्रास तुमच्या यजमानांना होईल. आणि हेही सांगितलं, की दुसरा एक माणूस यात नाहक अडकला आहे.

त्या बराच वेळ मशिनचं चाक हातानं पुढेमागे करत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, माझी चूक झाली, तो दुसराच होता. नवऱ्याची बाजू घेणारी बाई मी जन्मभर बघत आले, आणि त्यात मला कधी नवल वाटलं नाही.

"पूजेला मांडली होती वस्तू," त्या म्हणाल्या. "तिला हात जोडले. ती नव्हतीच, असं कसं सांगू?"

जबाब वाचून दाखवला, त्यांनी सही केली.

चौकशीत नवरा फार टिकला नाही. हरवलेली म्हणून लिहून दिलेली दुसरी किल्ली त्याच्याच कपाटात सापडली. दुकानदारालाही ओळखपरेडमध्ये त्याची चाल आणि आवाज बरोबर ओळखता आला. ड्रायव्हरच्या पडताळणीच्या कागदावर मी सही केली तेव्हा हेडसाहेबांनी न सांगता सगळ्या ठाण्यासाठी जिलेबी मागवली.

इंजीनियर मुलीला कंपनीनं खरंच काढलं. मी तिच्या साहेबांकडे जाऊन बोलले, हातही जोडले, उपयोग झाला नाही. तिला पुढे दुसरीकडे काम मिळालं, पण मधले काही महिने तिनं कसे काढले ते मला माहीत आहे. एकदाही मला बोल लावला नाही. जाताना उरलेल्यातला एक हिरवा बोर्ड माझ्या टेबलावर ठेवून गेली. "हा जळलेल्यातला आहे, मॅडम. आठवण म्हणून."

लोक म्हणतात, पोलीस सत्य शोधून काढतात. मीही तरुणपणी तसंच समजायचे. या प्रकरणानंतर नाही म्हणत. सत्य कुणीतरी आपल्या हातात आणून देतं, स्वतःचं काहीतरी जाणार हे माहीत असून. आम्ही फक्त पावती फाडतो. तो ड्रायव्हर आज मंडीदीपच्या रस्त्यावर कारखान्याची बस चालवतो, ते या दोघींमुळे. त्यातल्या एकीला तो ओळखतो. दुसरीचं तोंडही त्यानं पाहिलेलं नाही.

निवृत्त झाल्यापासून खंडेनवमीला मी पाटावर माझी शिट्टी ठेवते, कमरेचा पट्टा ठेवते, आईची विळी ठेवते, आणि तो हिरवा बोर्ड. तो काही सुरू होत नाही, पण आरत्या सगळ्या म्हणते. हळदकुंकू वाहताना दोघींची नावं घेते. ती इथे लिहायची नाहीत, पण तिथे मात्र मोठ्यानं घेते.