बाबांकडून आलेली प्रत

डोळखांबच्या फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. आई, बाबा आणि जर्मनीला निघालेली मी. आईच्या छातीतली गाठ तेव्हा एकदा काढून झाली होती आणि पुन्हा आलीही होती. कॅन्सरवरच्या संशोधनाला चाललेय, एवढंच मी घरी सांगितलं होतं. बाबांनी त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. गाडी आली तशी बॅग आत सरकवत म्हणाले, "आईचं औषध झालं का लगीच निघ. सनासुदीची वाट बघू नको." आई नुसती हसली. त्यांची समजूत काढायला तेव्हा माझी जीभ रेटली नाही.

आई त्याच वर्षी गेली. बाबांचा समज मात्र गेला नाही. पोरगी तिकडं कॅन्सरचं औषध करते, असं त्यांनी पाड्यापाड्यावर सांगून ठेवलंय. त्यामुळे लोक आपापले रिपोर्ट त्यांच्याकडे आणून देतात आणि बाबा ते पिशवीत घालून कणगीवर ठेवतात. आधी मला राग यायचा. हल्ली ओशाळायला होतं. त्यातल्या एकेकाला फोन करून मी पुढे कुठे दाखवायचं ते सांगते.

खरं तर मी करते ते असं. पेशी भलतीच वाढायला लागली की तिला थांबवणारी काही जनुकं आपल्या प्रत्येकाच्या अंगात असतात. ट्यूमर सप्रेसर म्हणतात त्यांना. ती बिघडली की वाढ मोकाट सुटते. म्हणून धडधाकट जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर बसवून आम्ही त्या पेशींत पाठवतो. काचेच्या बशीत ते छान चालतं. मायक्रोस्कोपखाली जनुक पोचलेल्या पेशी हिरव्या चमकतात आणि त्यांची वाढ हळूहळू निवत जाते. बाहेर बर्फ भुरभुरत असतो. बघता बघता मला वाटतं, हे डोळखांबचं सकाळचं धुकं आहे आणि त्यातून आई शेणव्याच्या बाजाराहून चालत येतेय. मग कुणीतरी दार लोटतं आणि मी पुन्हा प्रयोगशाळेत येते. माणसाच्या शरीरात ते जनुक हव्या त्या प्रत्येक पेशीपर्यंत पोचत नाही. तिथेच आमचं घोडं अडलंय.

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या जनुकांची तपासणी करून घेतली. आईचं बिघडलेलं जनुक माझ्यात उतरलंय. रिपोर्ट पर्समध्ये ठेवून मी ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि तशीच परत आले. महिनाभर बाबांना कळू दिलं नाही. बायको गेली, आता लेकही, असं त्यांच्या मनात येईल याची मला फार भीती वाटत होती. त्यांना एकटं टाकून आल्याची टोचणी होतीच, त्यात ही भर कशाला? पण लपवाछपवी मला कधी जमली नाही. एका दुपारी ते भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून नुकते घरी आले होते, तेव्हा फोनवर सांगून टाकलं.

"बाबा, राब भाजताना आग रानात शिरू नये म्हणून ओला टहाळ घेऊन दोघं उभे राहतात ना? तसं हे जनुक प्रत्येक पेशीत दोनदा असतं. एक प्रत आईकडून आलेली, एक तुमच्याकडून. आईकडचा माणूस आडवा झालाय."

त्यांनी पायाशी आलेल्या कोंबड्या हुसकावल्याचं फोनवर ऐकू आलं.

"आन दुसरा?"

"तो उभा आहे. तोही पडला तर आग लागायची. म्हणून मी दरवर्षी तपासून घेणार आहे."

"म्हंजे माझा मानूस हाय तिथं." त्यांचा आवाज जरा सावरला. "पेशी किती असतात गो?"

"मोजता येत नाहीत, बाबा."

"मंग तू येळेवर तपासाया जा. उभं रायचं मी बघतो."

फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले. माझ्यासारखे जे गावातून उठून लांब गेलेत, त्यांच्यासाठी म्हणून हे लिहितेय. घर मागे राहिलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि कल्याणच्या पुढे कधी न गेलेला माझा बाप इथे, माझ्या पेशीपेशीत, एकटा उभा आहे.