माल तपासून घ्या, मास्तर

आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगतो. आमच्या गौरीचा गुडघा खालानं बिघडवला नव्हता.

खाला म्हणजे आमच्या वडनेर भोलजीची दायी. बाळंतपण उरकलं की ती बाळाचा एकेक सांधा वाकवून पाही, मग बापाला आत बोलावून दुकानदाराच्या सुरात म्हणे, "माल तपासून घ्या. मांगून तक्रार चालणार नाही." बापानं मोठ्यानं "पाह्यलं" म्हटल्याशिवाय पोर हातात मिळत नसे. भल्याभल्या मिशीवाल्यांकडून तिनं तो शब्द वदवून घेतला होता.

दवाखान्यात न्यायची गाडी वेळेत आली नाही म्हणून गौरी घरीच जन्मली. मलाही बोलावणं आलं. बाळाचा डावा गुडघा उलटा, पुढच्या बाजूला दुमडलेला, पाऊल पोटाकडे. बायको ग्लानीत होती. खाला हळूच म्हणाली, "पोटातूनच उलटा हाय. घाबरू नका मास्तर, याच हप्त्यात बुलढाण्याले न्या. कोवळं हाय, पलस्तरानं वळते."

"पाह्यलं," मी म्हणालो.

आणि नेलं नाही. मी विज्ञानाचा शिक्षक. गुडघा हा बिजागरीचा सांधा, तो एकाच दिशेनं वाकतो, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवणारा. आकृतीचं कौतुकही होई. पण त्याच महिन्यात धाकट्या बहिणीची सोयरीक जळगाव जामोदला जमत होती. घराण्यात जन्माचा दोष निघाला तर ती फिसकटली असती. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की दायीनं ओढताना निसटला. विज्ञाननिष्ठ माणूस, कारण दिल्याशिवाय राहतो कसा?

लग्न झालं. जेवण चांगलं होतं. खालाला मात्र पुढं कोणी बाळंतपणाला बोलावलं नाही. आणि गौरीला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर खरं बोलून बसायचा, म्हणून मी दहा वर्षं तिच्या गुडघ्याला तेल चोळत राहिलो. तेल बिचारं कोणाला काही सांगत नाही.

खाला शाळेच्या कुंपणाशी थांबून विचारायची, "काय मास्तर, आज कोणता सांधा शिकवून राह्यले?" गावात मात्र एक अक्षर बोलली नाही. एकदा मीच विचारलं, काऊन बोलत नाहीस? म्हणाली, "तुमच्या बहिणीचं घर मोडायले बोलू? तुम्ही 'पाह्यलं' म्हटलं, म्या आयकलं. दोघांले तं मालूम हाय."

गौरी मांडीवर हात दाबून, पाय ओढत चाले. ती दहाची झाली तेव्हा खाला थेट दारात आली. बुलढाण्याला हाडांचे मोठे सर्जन येणार होते. "आता पलस्तरानं नाही भागत, चाकूच लागन," ती म्हणाली. "का अजून एखादी सोयरीक बाकी हाय?"

बसमध्ये कोपरं मारून गौरीला जागा तिनंच मिळवली. ऑपरेशनमध्ये मांडीचा आखडलेला स्नायू लांबवला, मांडीचं हाड थोडं आखूड केलं, तेव्हा कुठं गुडघा जागेवर बसला. बायको गावी घरीच होती. गौरी भुलीत असताना सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "हे जन्मतःच असतं. ओढून असं होत नाही. पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर बहुधा प्लास्टरवर निभावलं असतं." खाला भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होती. मी विचारलं, प्लास्टर कधी काढणार?

"चला," ती म्हणाली, "डॉक्टरले तरी समजलं."

प्लास्टर निघाल्यावर रोज सकाळी ती व्यायाम करून घ्यायला येई. गौरी किंचाळली की म्हणे, "रड, पण वाकव. रडायले गुडघा लागत नाही." आज गौरी सरळ चालते, जिने चढते. मांडी घालता येत नाही, म्हणून पंगतीत खुर्ची लागते.

गेल्या हिवाळ्यात खाला गेली. कब्रस्तानात कोणीतरी म्हणालं, हात चांगला होता हो बाईचा, तेवढा मास्तरच्या पोरीचा पाय सोडला तर. मी तीन मुठी माती दिली आणि घरी आलो. गौरी दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"बाबा, मी तिला कधीच माफ केलं होतं."

"चांगलं केलंस," मी म्हणालो.

गौरी आता सतरा वर्षांची आहे. तो गुडघा जन्मतःच उलटा होता, खालानं मला तो दाखवला होता आणि मी "पाह्यलं" म्हणालो होतो, हे मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.