राउटरच्या तीन पिना

वाडीतल्या आमच्या गोदामात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांना निदान एक्सपायरी डेट तरी असते!

इंजिनिअरिंग करून मी इथे कॉम्प्युटर सांभाळते. आमच्या कोल्ड रूममध्ये इन्सुलिन असतं, दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं. ते तापलं की निकामी होतं, आणि बाटलीकडे बघून काही कळत नाही. अलार्म घ्या म्हटलं, तर मालक, म्हणजे भाऊ, म्हणाले, "भिंतीवर थर्मामीटर आहे ना!"

मग मी ऑफिसचा राउटर उघडला. बोर्डवर कंपनीने न वापरता सोडलेल्या पिना असतात. त्यातल्या तीन पिनांना वायरी सोल्डर केल्या, सॉफ्टवेअर बदललं, सेन्सर कोल्ड रूममध्ये टांगला. तापमान वाढलं की माझ्या आणि भाऊंच्या मोबाईलवर मेसेज!

आमचे स्टोअरकीपर वामनकाका बघतच राहिले. "याचं पोट काहून फाडलं वं? नेट तर चालू होतं!"

भाऊंचा व्हिडिओ अडकला की ते राउटर बंद करायचे. मी चिठ्ठी चिकटवली : 'बंद करू नये.' दुसऱ्या दिवशी राउटर पुन्हा बंद!

"बंद नाही केला," भाऊ म्हणाले. "प्लग काढला."

दसऱ्याला वामनकाकांनी सगळ्या मशिनी पुजल्या. माझ्या उघड्या बोर्डलाही ओली हळद लावली, वर झेंडूचं फूल. दोन पिना हळदीने जोडल्या गेल्या आणि राउटर आठवडाभर मेला!

"लक्ष्मीले असं उघडं ठेवते का कोणी?" वर मलाच बोलणी.

एकदा भाऊंच्या मोबाईलवर मेसेज गेला : 'कोल्ड रूम, अकरा डिग्री.' भाऊंचं उत्तर : 'सुप्रभात. आपण कोण?' पुन्हा मेसेज गेला, तर त्यांनी नंबर ब्लॉक केला.

"फ्रॉड असन वं. नाव सांगत नाही!"

आणि हा किस्सा मे महिन्यातला. रविवारी कॉम्प्रेसर बंद पडला. माझ्या मोबाईलवर मेसेजवर मेसेज : बारा, एकोणीस, सव्वीस. किल्ली भाऊंकडे. फोन केला, तर मागे बँड वाजत होता.

"मौद्याले लग्नात आहो. उद्या पाहू!"

सोमवारी स्क्रीनवर चौतीस. दारात काटोलची गाडी उभी. मी आडवी उभी राहिले. "हा माल जाणार नाही! लोक हे टोचून घेतात, भाऊ!"

"तुह्या कॉम्प्युटरवर पाच आलं का लोड करू. बस?"

वामनकाका शांतपणे उठले. बर्फाच्या पाण्याचा ग्लास आणला आणि सेन्सरचं टोक त्यात बुडवलं. चौतीस. वीस. नऊ. पाच.

"पोरीचं मशीन कामाचं आहे!" भाऊ म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझं कौतुक!

मला बाजूला सारून खोके गाडीत चढवले गेले. वामनकाकांनी त्यातल्या दोन बाटल्या काढून आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या.

"तुह्या काकूले. घरच्या संपल्या."

"काका, निदान त्या तरी नेऊ नका!" मी ओरडले.

त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "काहून भेव दाखवून राहिली वं? पाच आहे ना!"