साडूंची दातेरी पट्टी

साडूंच्या दारावरच्या वेलीचं कंबरडं मी मोडलं. हेतू चांगला होता. माझ्या हातून झालेल्या बहुतेक नुकसानांमागचा हेतू चांगलाच असतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने सुतार. चाळीस वर्षं पटाशीने लाकडावर पानं-वेली कोरल्या आणि दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. रंधा अजून चालतो, करवतही चालते. पण वेलीचं बारीक टोक आलं की पटाशी भलतीकडेच निघते. त्यात वाचनालयाच्या सहा कपाटांची कोरीव दारं अंगावर. शेजारच्या पत्रेवाल्याचा साडूंच्या कारखान्यावर केव्हापासून डोळा होता. साडूंनी त्याला शब्द देऊन टाकला, "महिनाअखेरपर्यंत एक तरी दार मनासारखं झालं नाही, तर किल्ली तुझी." हे बोलले तेव्हा कोरणारं यंत्र घरीच बांधायला घेऊन चार महिने झाले होते.

"जन्मभर लाकडाशी संसार केलात, आता लोखंडाशी मांडा," त्यांची बायको, आमची ताई, म्हणाली.

"लोखंड उलटून बोलत नाही."

"बोलेल. नवीन आहे अजून."

यंत्राची अडचण साधी होती. मोटर फिरते गोल आणि कोरणारं डोकं जायला हवं सरळ, तेही सहा फूट. माझं मत लांब स्क्रूला होतं, कारण तो दिसायला भारदस्त. साडू म्हणाले, "एवढा लांब स्क्रू जोरात फिरवला की मधे उडीच्या दोरीसारखा हेलकावतो." मग मी पट्टा सुचवला. "ताणला जातो. आज एक माप, उद्या दुसरं." उरली ती दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, आणि तिच्यावरून धावणारं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन. पट्टीला पट्टी जोडत हवं तेवढं लांब जाता येतं.

आम्ही दुकानात गेलो. तिरप्या दात्यांची पट्टी आवाज कमी करते म्हणून दुकानदार तीच पुढे सरकवत होता. साडूंनी सरळ दात्यांची उचलली. "मला कोरायचंय, गुपचूप चोरी नाही करायची." आता दात्यांमध्ये सैलपणा, म्हणजे प्ले, किती आहे ते बघायचं होतं. चाक पट्टीवर ठेवून हलवायचं, एवढंच. साडूंनी ते माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच बघा ना," मी म्हणालो.

"मी हात लावला की सगळ्यातच प्ले निघतो."

दुकानदार हसला. मला काही हसता आलं नाही. थोडा प्ले होता. चाक स्प्रिंगने पट्टीवर दाबून धरलं की तो जातो, असं म्हणून साडूंनी माल बांधायला सांगितला.

टेबलाच्या दोन्ही कडांना पट्टीचे दोन-दोन तुकडे जोडायचे होते. साडू हात धुवायला गेले तेवढ्यात मी तुकडे टोकाला टोक भिडवले, मधे कागदही जाणार नाही असे, आणि बोल्ट आवळून मोकळा झालो. साडू आले, त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच माझ्या कामाला मान डोलावली. त्या मानेवर मी दोन दिवस जगलो.

तिसऱ्या दिवशी पहिलं दार टेबलावर चढलं. अर्धी वेल लोण्यासारखी उतरली. डोकं सांध्यावर आलं आणि टक्! तिथून पुढे प्रत्येक रेघ अर्धा मिलिमीटर सरकलेली. वेल नव्हे, हाड मोडून वेडावाकडा जुळलेला पाय.

महिना संपायला चार दिवस होते. ताई दारात उभी. "भावोजी, तुम्ही कचेरीत फायलीही अशाच घट्ट बांधत होता का?"

साडू चिडले नाहीत. "सांधा मीही बोटाने बघितला. तो डोळ्यानेही बघायचा नसतो आणि बोटानेही नाही. दात्यानेच बघायचा." त्यांनी बोल्ट ढिले करवले, पट्टीचा उरलेला तुकडा पालथा घालून सांध्यावर बसवला. त्याचे दाते दोन्हीकडच्या दात्यांत रुतले आणि तुकडे आपोआप केसभर दूर सरकले; आता सांध्यावरही दात्यांमधलं अंतर इतर ठिकाणाएवढंच झालं. ती फट तशीच ठेवून त्यांनी बोल्ट माझ्याकडूनच आवळून घेतले. मग दुसरी कड, तशीच.

दाराची फळी मात्र वाया घालवायची नव्हती. ती उलटी केली. चुकलेली वेल कपाटाच्या आत गेली. आतून बघणार फक्त पुस्तकं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. डोकं सांध्यावर आलं. ते काहीच न झाल्यासारखं पुढे गेलं. वेल अखंड उतरली, शेवटच्या वळणदार टोकासकट. पत्रेवाला आला, दारावरून हात फिरवून, चहा पिऊन, किल्लीचं नावही न काढता गेला.

दुसरी फळी चढली. साडू खिशात हात घालून यंत्राकडे बघत होते. मला राहवलं नाही.

"साडू, खरं सांगा. तुमच्या हाताच्या वेलीची सर याला येईल?"

"नाही. सरका, भुसा उडतोय."