तिरका धागा

नोकरी सुटून पाच वर्षं झाली, तरी चैत्रातल्या दुपारी तळहात घामेजले की यंत्रावर सोडतात त्या दुधट तेलपाण्याचा आंबूस वास माझ्या बोटांना अजून येतो. सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी तयार झालेले सुटे भाग तपासत असे. खिडकीतून येणाऱ्या उन्हात भाग धरायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि केसभर जरी खोट लागली तरी लाल चिठ्ठी बांधून तो बाजूच्या पेटीत टाकायचा, एवढंच माझं शास्त्र. पुढे माझ्या जागी एक कॅमेरा बसवला. तो जेवायला जात नसे, भाचीच्या लग्नाला रजा मागत नसे. तेव्हा शेवटची लाल चिठ्ठी कुणाला लागली हे वेगळं सांगायला नको.

मग पंचवटीत, भाजीबाजारामागच्या बोळात, जिथे जिन्यावर कोथिंबीर आणि उदबत्ती यांचा वास दिवसभर एकमेकांत मिसळून राहतो, तिथल्या एका खोलीवर मी पाटी लावली : ‘व्यवसाय व करिअर मार्गदर्शक’. पाठीशी तीन महिन्यांचा एक अभ्यासक्रम होता आणि नवा टाय. बायकोने पाटी वाचली आणि म्हणाली, “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.” ती हसत होती, पण मला ते लागलं. तरी माणसं येत गेली. भांबावलेल्या माणसाला ठामपणे बोलणारं कुणीतरी हवं असतं, आणि ठामपणा तेवढा मी कारखान्यातून घरी घेऊन आलो होतो.

येवल्याचे रफिकभाई असेच एका शनिवारी जिना चढून आले. पन्नाशीचे, हातमागावर पैठणी विणणारे, बोलताना बोटं उगाच हवेत धागा जोडल्यासारखी हलवणारे. यंत्रमागाच्या साड्यांपुढे टिकाव लागत नव्हता. “बाकी काय नको सर,” ते म्हणाले, “अब्बांचा माग बंद नाय पडला पायजे, बस.”

मी त्यांच्या घरी गेलो. जमिनीतल्या खड्ड्यावर माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेले रफिकभाई, आणि कौलांतून उतरलेल्या उन्हाच्या पट्टीत रेशमाचा मोरपंखी रंग क्षणाक्षणाला हिरव्याकडून निळ्याकडे झुकत होता. त्या घरची एक रीत होती. साडी निम्मी विणून झाली की लग्नात ती नेसणारी मुलगी आपल्या माणसांसह येई, रफिकभाई उठून तिला मागावर बसवत, आणि ती धोटा फेकून एक आडवा धागा स्वतः टाकी. न शिकलेल्या हाताचा तो धागा किंचित सैल, किंचित तिरका बसे, आणि रफिकभाई तो तसाच ठेवत. मग रफिकभाईंच्या बायकोचा, शमीमभाभींचा चहा, खारी, हसणं, ओढणीचं टोक तोंडात धरून लाजणं. अर्धा दिवस त्यातच जाई.

मागावरून उतरलेली एक साडी मी उन्हात धरली आणि अंगठा फिरवला. तिरका धागा अंगठ्याला लगेच लागला.

“ही खोट आहे, रफिकभाई.”

“खोट नाय सर, त्या पोरीची निशाणी हे.”

ते अवघडून हसले. मी नाही हसलो. पाहुण्यांत जाणारा वेळ, मालातला दोष, वेळेवर माल देण्याचं महत्त्व हे सगळं मी त्यांना फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाचं ऐकावं, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असणार. तेव्हापासून मागावर दुसरं कुणी बसलं नाही.

साड्या भराभर उतरू लागल्या, रेषेत, निर्दोष. त्या दुकानांत जाऊन यंत्रमागाच्या साड्यांशेजारी पडल्या. जाणत्याला उलटी बाजू पाहून फरक कळतो. पण जाणते किती उरले आहेत? लग्नघरं मात्र येवल्याला यायची थांबली. ती साडीसाठी यायची असं मी समजत होतो, आणि ती यायची त्या एका धाग्यासाठी. हे कळायला मला दोन लग्नसराया लागल्या.

रफिकभाईंचे फोन थांबले, तेव्हा यंदा चैत्रात मीच एसटीत बसलो. विंचूरच्या पुढे रस्त्याकडेला उन्हाळ कांदा पसरलेला होता आणि त्याचा उग्र गोडसर वास खिडकीतून आत येत होता. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सल्ल्याला येणाऱ्या दोघांना वेळ दिलेली होती, आणि त्यांना काय सांगायचं हे माझं ठरलेलंही होतं. त्याची मला त्या बसमध्ये भीती वाटली.

खड्डा बुजवलेला होता. वर नव्या फरशा होत्या. रफिकभाई आता हमरस्त्यावरच्या एका दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे यंत्रमागाच्या साड्या उलगडतात. दुपारच्या सुट्टीत ते घरी आले, मला पाहून खूश झाले आणि नेमकी त्या फरशांवरच चटई टाकून म्हणाले, “इथं बसा सर, इथं गार लागतं.” त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

शमीमभाभींनी आतून कापडात गुंडाळलेली एक साडी आणली. मागावरून उतरलेली शेवटची. दोनदा दुकानातून परत आलेली. “यंत्राचीच वाटते म्हणतात,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच बघा.”

मी ती दारापाशी उन्हात धरली. काठ, बुट्टे, पदरावरचे मोर, सगळ्यावरून अंगठा फिरवला. एकदा वरून खाली, मग पुन्हा खालून वर. उभ्या जन्मात पहिल्यांदाच मी, खोट असू दे, म्हणून शोधत होतो.

“मिळालं काही, सर?” रफिकभाईंनी उत्सुकतेने विचारलं.

नाही, मी म्हणालो. एकही धागा तिरका नव्हता.