नवरीच्या गाडीचा ड्रायव्हर

तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार, सकाळचे दहा. शेवगाव, ताईचं घर. हजर: ताई, तिची मुलगी, वही घेऊन मी, आणि दाजी. दाजी उंबऱ्यातच उभे होते, म्हणजे बोलावलं तर आत आणि विषय निघाला तर बाहेर. विषय: भाचीच्या लग्नात नवरीची गाडी कोण चालवणार.

अख्ख्या शेवगाव तालुक्यात दाजींइतका शिस्तीत गाडी चालवणारा माणूस झालेला नाही, असं दाजींचं मत आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल कोर्टानं दोषी ठरवल्यावरही ते त्यांनी मागे घेतलेलं नाही. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ते माझे दाजी. पण सगळं गाव, हवालदारासकट, त्यांना दाजीच म्हणतं. गेल्या वीस-बावीस वर्षांत आमच्या भावकीतली एकही मुलगी दुसऱ्या कुणाच्या हाती सासरी गेलेली नाही. बसणाऱ्यानं दार आपटलं की दाजी त्याला खाली उतरवतात आणि पुन्हा नीट बसायला लावतात. एका वरमाईला त्यांनी असं तीनदा उतरवलं होतं. हॉर्न वाजवणं त्यांना शिवी दिल्यासारखं वाटतं. पुढे बैलगाडी आली तर काच खाली करून "राम राम पाव्हणं" म्हणतात आणि ती बाजूला होईपर्यंत मागे मागे जात राहतात. पिऊन चालवणाऱ्यांचा त्यांना इतका संताप, की फाट्यावर पोलिसांनी तपासणी करावी म्हणून त्यांनी स्वतः अर्ज दिला आणि तो मंजूर होईपर्यंत दर सोमवारी ठाण्यात जाऊन बसले.

तपासणी सुरू झाली ती नेमकी भाचीची सुपारी फुटली त्या आठवड्यात. पुणतांब्याचं स्थळ ठरलं, दाजींनी सगळ्यांना घरी सोडलं आणि "डिझेल भरून येतो" म्हणून गेले. पंपाशेजारच्या ढाब्यावर जुना मित्र भेटला. दाजी वर्षातून दोनदाच आणि औषधापुरती घेतात. त्या संध्याकाळी दोन्ही वेळची एकदम घेतली. मग वास जावा म्हणून पेरूचा पाला चावला आणि सायकलवाले पुढे जातील अशा वेगानं निघाले. "दाजी, तुमच्याच अर्जावर हुबं हाय आमी," हवालदार ओशाळून म्हणाला. दुसरा कुणी असता तर यंत्रात कशीबशी फुंकर घातली असती. दाजींनी मागच्या गाडीवाल्यांना फुंकर कशी घालावी ते करून दाखवलं, तीन वेळा, छाती भरून, आणि दर वेळी आकडा वर गेला. "ह्या यंत्राला पेरूचा पाला कळत न्हाई व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं.

कोर्टात गुन्हा कबूल आहे का विचारल्यावर दाजी म्हणाले, "कबूल हाय साहेब, पन गाडी सरळ हुती." दंड दहा हजार, लायसन सहा महिने निलंबित. दाजी सगळ्यांना दहा हजारच सांगतात, म्हणून खर्चाची यादी मी केली. वकील, दर तारखेला बुडालेलं काम, ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीची उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, सगळं धरून सत्तेचाळीस हजार झाले. यादीत न बसणारं वेगळंच. तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद गेलं. पुणतांब्याच्या विहीणबाईंनी फोन करून फार गोड आवाजात विचारलं, "मग आता पोरीला कोन घेऊन येनार?" आणि दाजी ताईच्या स्कूटीवर मागे बसायला लागले. पहिल्याच दिवशी "ब्रेक लवकर दाब" असं चौथ्यांदा म्हणाले, तेव्हा ताईनं स्कूटी थांबवून त्यांना उतरवलं आणि पुन्हा नीट बसायला लावलं.

लायसन परत मिळणार वैशाखात, लग्न मार्गशीर्षात. मी तारीख पुढे ढकलण्याचं सुचवून पाहिलं.

"माझ्यापायी लगीन थांबनार न्हाई," दाजी उंबऱ्यातून म्हणाले.

"मग पप्पा, तुम्ही माझ्याशेजारी मागं बसा की," भाची म्हणाली.

"मागं बसायला जमायचं न्हाई बाई. मी आजवर समद्या नवऱ्या आरशातच बघितल्यात." मग ते पहिल्यांदाच आत येऊन माझ्यासमोर बसले. "जो कोन ड्रायव्हर यील त्याच्यासाठी लिवून घे. कुकाण्यापतुर पोरी रडत्यात, तवर गानं लावायचं न्हाई. नेवाशात पानी इचारायचं. पुणतांब्याच्या अलीकडं गाडी थांबवायची आन खाली उतरून टायर बघत बसायचं, पाच मिन्टं."

"टायरला काय झालेलं असतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. सासर यायच्या आधी तिला तोंड धुवायला टाइम पायजे. बाटली शीटवर ठिवायची आन आपन पाठ करून बसायचं."

माझ्या पाठवणीच्या दिवशी चाक पंक्चर झालं होतं, असं मी आजवर समजत होते. भाची उठून आत गेली, ताई तिच्या मागोमाग.

त्यानंतर तीन ड्रायव्हर येऊन गेले. एकानं दार आपटलं. दुसऱ्यानं गल्लीत शिरताना हॉर्न दिला. तिसऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन दाजी म्हणाले, "वेलदोडा खातोय. संशय हाय." आज लग्नाला सतरा दिवस राहिले. वहीत हॉल, आचारी, बांगड्या, सगळ्यांपुढे खूण झाली आहे. नवरीच्या गाडीपुढे नाव लिहायचं राहिलंय. मी रोज फोन करून विचारते आणि दाजी रोज म्हणतात, "बघतोय."